तीव्र फुफ्फुस इजा आणि मायक्रोआरएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोआरएनए म्हणजे पेशीत कुठलं प्रथिन किती बनेल यावर लगाम ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे. हे पान मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : या विषयावर प्रबंध करणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि आयसीयूत काम करता करता संशोधनासाठी नमुने गोळा करणारे डॉक्टर. रुग्णांचे नातेवाईकही बरेचदा विचारतात. त्यांनी थेट खालचे औषधांचे आणि उपचाराचे प्रश्न वाचले तरी चालेल. मधला प्रयोगशाळेचा भाग त्यांच्या कामाचा नाही.

तीव्र फुफ्फुस इजा आणि एआरडीएस हे एकच का?

जवळपास. (एआरडीएस म्हणजे अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम.) १९६७ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांचं वर्णन केलं. सगळ्यांना अचानक धाप, ऑक्सिजन देऊनही न हटणारी निळसर झाक आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसं पांढरी. एआरडीएसची सुरुवात तिथून धरतात. १९९४च्या अमेरिकन-युरोपियन व्याख्येत दोन पायऱ्या होत्या : धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हे गुणोत्तर ३०० किंवा त्याखाली असेल तर ‘तीव्र फुफ्फुस इजा’, आणि २०० किंवा त्याखाली गेलं तर एआरडीएस. २०१२च्या बर्लिन व्याख्येनं पहिला शब्द रुग्णांसाठी बाद केला आणि सौम्य (२०० ते ३००), मध्यम (१०० ते २००), गंभीर (१०० किंवा कमी) अशा श्रेणी दिल्या. २०२३च्या जागतिक व्याख्येत मिनिटाला किमान ३० लिटरच्या हाय-फ्लो नेझल (नाकातून वेगानं दिलेल्या) ऑक्सिजनवरचे रुग्णही आले. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरून काढलेलं गुणोत्तरही आता चालतं, त्यामुळे एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू मोजणारं) यंत्र नसलेल्या रुग्णालयांची सोय झाली.

उदाहरणार्थ : दाब ७२, ऑक्सिजन ६० टक्के. ७२ भागिले ०.६ म्हणजे १२०. मध्यम एआरडीएस.

उंदरांच्या बाबतीत मात्र ‘तीव्र फुफ्फुस इजा’ हाच शब्द वापरावा. उंदरात एआरडीएस होतो असं लिहिलं की परीक्षक तांबडी पेन्सिल काढणारच.

या इजेत फुफ्फुसात नेमकं काय बिघडतं?

वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यातली भिंत गळायला लागते. एका बाजूला रक्तवाहिनीचं अस्तर, दुसऱ्या बाजूला वायुकोशाचं अस्तर, मध्ये अगदी पातळ पडदा. न्यूमोनिया, सेप्सिस, पोटातलं फुफ्फुसात जाणं, स्वादुपिंडदाह, मोठी दुखापत अशा कशानेही दाह पेटला की न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिथे गोळा होतात, दोन्ही अस्तरांच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात उतरतं. सर्फॅक्टंट (वायुकोश उघडे ठेवणारं द्रव्य) निकामी होतं, वायुकोश मिटतात. हृदय कमी पडल्यामुळे साचणाऱ्या पाण्यात आणि यात फरक हाच : तिथे दाबामुळे पाणी येतं, इथे भिंतच फुटलेली असते.

मायक्रोआरएनएचा प्रश्न या चित्रात चार ठिकाणी येतो : मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), न्यूट्रोफिल, रक्तवाहिनीचं अस्तर आणि वायुकोशाचं अस्तर. या चार जागा ध्यानात ठेवा. या विषयातला अर्धा गोंधळ ‘कुठल्या पेशीतला?’ हे न विचारल्यामुळे होतो.

छोटे आरएनए म्हणजे कोणकोणते?

मायक्रोआरएनए, एसआयआरएनए, पीआयडब्ल्यूआय-आरएनए, टीआरएनएचे तुकडे, स्नोआरएनए. फुफ्फुस इजेत भरपूर काम झालं आहे ते मायक्रोआरएनएवर, म्हणून इथेही तेच. मॅलाट-१ वगैरे नावं वाचनात आली तर ते लांब आरएनए आहेत, या यादीत बसत नाहीत.

मायक्रोआरएनए पेशीत तयार कसा होतो?

केंद्रकात आधी लांब प्रत निघते, तिच्यात स्वतःवरच दुमडलेला केसाच्या आकड्यासारखा भाग असतो. ड्रोशा हे विकर डीजीसीआर-८ च्या मदतीने तो आकडा कापून काढतं. आता लांबी साधारण ६० ते ७० अक्षरं. एक्स्पोर्टिन-५ त्याला केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर आकड्याचं टोक उडवतं आणि उरतो सुमारे २२ अक्षरांचा दुपेडी तुकडा. त्यातला एक पेड आर्गोनॉट प्रथिनात बसतो, दुसरा बहुतेक वेळा मोडीत निघतो. आर्गोनॉटमध्ये बसलेला पेड मग संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागात आपली जोडी शोधतो. खरी पकड असते ती दुसऱ्या ते आठव्या अक्षराची. याला ‘सीड’ म्हणतात. जोडी जुळली की त्या संदेशाचं प्रथिन कमी बनतं किंवा संदेशच लवकर नष्ट होतो.

नावातलं ५पी आणि ३पी म्हणजे आकड्याचा कुठला हात. प्रबंधात नुसतं ‘मिर-१२६’ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए) लिहू नका. १२६-३पी आणि १२६-५पी यांची सीड वेगळी, म्हणून लक्ष्यंही वेगळी. प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवताना हा घोळ सर्रास होतो आणि पैसे वाया जातात. (पुढे या पानावर बोलीतली छोटी नावं वापरली आहेत.)

पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ साली एका इवल्याशा गोलकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्यासाठी २०२४चं नोबेल मिळालं.

एक मायक्रोआरएनए कितपत फरक पाडतो?

थोडा. बहुतेक लक्ष्य-प्रथिनं निम्म्यापर्यंतही उतरत नाहीत. पण एकाच वेळी शेकडो संदेशांना तो हात लावतो आणि त्यातले काही एकाच वाटेवरचे असतात, म्हणून एकूण परिणाम जाणवतो. दिव्याचं बटण न समजता पंख्याचा रेग्युलेटर समजा.

आणखी एक अट असते ती संख्येची. पेशीत एखाद्या मायक्रोआरएनएच्या दहा-वीस प्रती असतील तर तो हजारो संदेशांपुढे काही करू शकत नाही. सीक्यू (पीसीआरमध्ये संकेत कितव्या चक्राला दिसला तो आकडा; जितका मोठा तितके रेणू कमी) ३५ च्या पुढे येणाऱ्या मायक्रोआरएनएचा ‘चारपट वाढला’ असा निष्कर्ष वाचला की सावध व्हावं.

फुफ्फुस इजेत कोणते मायक्रोआरएनए महत्त्वाचे?

यादी शंभरावर जाईल, पण भक्कम पाया असलेले हाताच्या बोटांवर मोजता येतात.

मिर-१४६ए हा ब्रेक आहे. जिवाणूच्या आवरणातला एलपीएस हा रेणू पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला लागला की एनएफ-कप्पा-बी जागा होतो, दाहाची जनुकं चालू करतो आणि त्याच दमात मिर-१४६ए सुद्धा बनवायला लावतो. हा मिर-१४६ए परत आयआरएके-१ आणि टीआरएएफ-६ या त्याच वाटेवरच्या दोन प्रथिनांना खाली आणतो. २००६ साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेनं ही साखळी दाखवली. म्हणून इजेत मिर-१४६ए ‘वाढला’ याचा अर्थ तो इजा करतो असा नाही. आग लागल्यावर बंब येतो. बंब दिसला म्हणून आग त्यानं लावली असं कोणी म्हणत नाही.

मिर-१५५ त्याच चिथावणीनं वाढतो, पण उलट दिशेला ढकलतो. तो एसओसीएस-१ आणि शिप-१ हे दोन आवरणारे हात खाली करतो, त्यामुळे दाह चढत जातो. मिर-१५५ काढून टाकलेल्या उंदरांना स्टॅफिलोकोकसच्या विषानं होणारी फुफ्फुस इजा कमी झाली.

मिर-१८१बी रक्तवाहिनीच्या अस्तरात इम्पोर्टिन-अल्फा-३ ला कमी करतो. हे प्रथिन एनएफ-कप्पा-बीला केंद्रकात नेणारा हमाल आहे. सेप्सिसमध्ये मिर-१८१बी उतरतो, हमाल वाढतात, दाह वाढतो. इथे उपचार म्हणून तो बाहेरून वाढवायचा असं तर्काला धरून ठरतं, आणि उंदरांत ते जमलंही.

मिर-१२६ रक्तवाहिनीच्या अस्तराची खास ओळख. स्प्रेड-१ आणि पीआयके-३-आर-२ यांना दाबून तो अस्तराची डागडुजी चालू ठेवतो, आणि व्हीकॅम-१ कमी करून पांढऱ्या पेशींना चिकटायला जागा देत नाही.

मिर-२१ सर्वत्र सापडतो. इजेनंतर फुफ्फुस बरं होताना तंतुमय होण्याकडे झुकतं, तेव्हा त्याचं नाव जास्त येतं. सर्वत्र सापडतो, हीच त्याची अडचण. मिर-२१ वाढला, हे वाक्य जवळपास कुठल्याही आजाराबद्दल लिहिता येतं.

मिर-२२३ साठी वेगळा प्रश्न खाली आहे, कारण त्यात सगळा विषय दिसतो.

मिर-१५५ वाईट असेल तर तो बंदच करून टाकावा का?

नाही. मिर-१५५ नसलेल्या उंदरांवरचं २००७चं काम पाहा : त्यांना लस देऊनही साल्मोनेलापासून पुरेसं संरक्षण मिळालं नाही, आणि वय वाढलं तशी श्वासनलिकांच्या भिंतींची रचना बिघडत गेली. म्हणजे विषानं इजा होत असेल तर तो नसलेला बरा, पण जिवंत जिवाणूशी लढायचं असेल तर हवा. आयसीयूतल्या एआरडीएसच्या रुग्णाला बहुधा दोन्ही एकाच वेळी असतं. वेळ आणि पेशी न सांगता ‘चांगला’, ‘वाईट’ अशी लेबलं लावण्यात अर्थ नाही.

मिर-२२३ बद्दल परस्परविरुद्ध निष्कर्ष का सापडतात?

मिर-२२३ हा न्यूट्रोफिलमध्ये ठासून भरलेला असतो. आता तीन वेगवेगळे प्रयोग डोळ्यांसमोर आणा.

पहिला : उंदराला एलपीएस दिला, २४ तासांनी अख्खं फुफ्फुस वाटलं आणि मिर-२२३ मोजला. प्रचंड वाढलेला दिसेल. पण कुठल्याही पेशीत तो वाढला असेलच असं नाही. फुफ्फुसात न्यूट्रोफिलच लोटले आहेत आणि ते आपला मिर-२२३ सोबत घेऊन आले आहेत. इथे मायक्रोआरएनएची वाढ म्हणजे न्यूट्रोफिलची मोजदाद, तीही महागड्या मार्गानं.

दुसरा : २०१७ साली ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये आलेलं काम. व्हेंटिलेटरच्या जोरानं होणाऱ्या इजेत न्यूट्रोफिल आपला मिर-२२३ सूक्ष्म पुटिकांतून वायुकोशाच्या पेशींना देतात. तिथे तो पार्प-१ या प्रथिनाला दाबतो आणि इजा आवरली जाते. मिर-२२३ नसलेल्या उंदरांत इजा जास्त होते. म्हणजे दाह घेऊन आलेली पेशीच तो विझवायचं सामानही आणते.

तिसरा : माणसाच्या प्लाझ्मात मोजलेला मिर-२२३. इथे तो न्यूट्रोफिलचा, की प्लेटलेटचा? प्लेटलेटमध्येही तो मुबलक असतो. प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये नीट फिरवला नसेल तर आपण प्लेटलेटच मोजत असतो.

आणखी एक बारकावा : हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. नर उंदरात त्याची एकच प्रत असते, म्हणून नर-मादी मिसळून गट करताना जनुकप्ररूप तपासून घ्या.

एआरडीएसचं निदान करणारी मायक्रोआरएनए रक्तचाचणी आहे का?

रुग्णालयात वापरण्याजोगी नाही. २०१७ साली एका अमेरिकी रुग्णसमूहात संपूर्ण रक्तातल्या मिर-१८१ए, मिर-९२ए आणि मिर-४२४ यांचा एआरडीएसच्या जोखमीशी संबंध दिसला. असे बरेच संच प्रसिद्ध झाले आहेत. अडचण अशी की एका गटातले मायक्रोआरएनए दुसऱ्या गटात क्वचितच तसेच्या तसे सापडतात. याचं एक कारण एआरडीएस हा एक आजार नसून अनेक कारणांनी गाठलेली एकच अवस्था आहे. दुसरं कारण नमुना घेण्यातल्या चुका, आणि त्यांच्यावर आपला ताबा आहे.

रक्ताचा नमुना नेमका कसा घ्यायचा?

जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी. शक्यतो २१ गेजची सुई, टूर्निकेट फार वेळ नको, सिरिंज जोरात ओढायची नाही, नळी हळू हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची. आर्टेरियल लाइनमधून (धमनीत बसवलेल्या नळीतून) घेत असाल तर लाइनमध्ये मावणाऱ्या द्रवाच्या किमान तिप्पट रक्त आधी बाजूला काढा; लाइन हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाइननं धुतलेली असते. नळी बर्फात ठेवू नका, थंडीनं प्लेटलेट चेकाळतात आणि आपला ऐवज बाहेर टाकतात. खोलीच्या तापमानाला ठेवून दोन तासांच्या आत फिरवा.

फिरवायचं दोनदा. आधी सुमारे १,५०० ते २,००० जीवर (गुरुत्वाच्या इतक्या पट) १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा घेताना पांढऱ्या थरापासून अर्धा सेंटिमीटर वर थांबा. दोनशे मायक्रोलिटर जास्त मिळावेत म्हणून पिपेट खाली नेण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच नमुना नासतो. मग तो प्लाझ्मा नव्या नळीत १०,००० ते १६,००० जीवर १० मिनिटं. तळाशी गठ्ठा दिसो वा न दिसो, शेवटचा थेंब सोडून द्या. २०० ते २५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर. एक भाग एकदाच वितळवायचा.

दोन्ही फेऱ्या गोठवण्याआधी व्हायला हव्यात. प्लेटलेट आत ठेवून प्लाझ्मा गोठवला तर त्या फुटतात, नंतर कितीही फिरवून उपयोग नाही. जुन्या बायोबँकेतला एकदाच फिरवलेला प्लाझ्मा वापरायचा असेल, तर मिर-१२६ आणि मिर-२२३ यांवर निष्कर्ष काढायचे नाहीत, एवढं पथ्य पाळा.

प्लाझ्मा किंचित गुलाबी दिसला तर?

नमुना संशयित. लाल पेशी फुटल्या आहेत आणि त्यांच्यात मिर-४५१ए आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात. डोळ्याला दिसत नाही इतकी फूटही पुरेशी असते, म्हणून दोन चाचण्या करा. एक, ४१४ नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण : ०.२ च्या वर गेलं तर नमुना बाजूला. दोन, पीसीआरमध्ये मिर-२३ए-३पी चा सीक्यू वजा मिर-४५१ए चा सीक्यू. फरक ५ च्या खाली असेल तर ठीक, ७ च्या वर असेल तर वापरू नका, मधले वहीत नोंदवून ठेवा.

समजा मिर-२३ए चा सीक्यू २७.५ आला आणि मिर-४५१ए चा १९. फरक ८.५. नमुना बाद.

आता आयसीयूतली खरी पंचाईत. एक्मोवरच्या (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावरच्या) किंवा गंभीर मलेरियाच्या रुग्णात लाल पेशी अंगातच फुटत असतात. तिथे सुईचा दोष आणि आजाराचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. असे नमुने गुपचूप गाळून टाकले तर सर्वात आजारी रुग्णच अभ्यासातून गळतात. किती गाळले, का गाळले, आणि ते कुठल्या गटातले होते, हे तक्त्यात लिहा.

रुग्णाला हेपारिन चालू आहे. पीसीआरच येत नाही. काय करावं?

हेपारिन उलट-प्रतिलेखन आणि पीसीआर दोन्ही अडवतं आणि आरएनए काढताना सोबत येतं. आयसीयूत बहुतेक रुग्णांना ते या ना त्या रूपात मिळत असतं, तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांना मिळत नाही. मग रुग्णांत ‘सगळेच मायक्रोआरएनए कमी’ असा देखणा पण खोटा निकाल लागतो. काढलेल्या आरएनएवर हेपारिनेज (हेपारिन तोडणारं विकर) चालवा, आणि ते सर्व नमुन्यांवर चालवा; फक्त अडलेल्यांवर चालवलं तर गटांत नवाच फरक घुसतो. हिरव्या टोपणाची, म्हणजे हेपारिनची, नळी मुळात वापरायचीच नाही.

प्लाझ्मातले आकडे नॉर्मलाइझ (एकमेकांशी तुलनेजोगे) कशाने करायचे? यू-६ चालेल?

यू-६ चालणार नाही. तो केंद्रकातला आरएनए आहे, प्लाझ्मात त्याचं प्रमाण बेभरवशाचं.

मिर-१६ वापरायची जुनी सवय त्याहून घातक. नमुन्यात लाल पेशी फुटून मिर-१६ चौपट झाला तर त्याचा सीक्यू दोन चक्रांनी खाली येतो. तुमचा मायक्रोआरएनए जागचा हललेला नाही, पण मिर-१६ च्या तुलनेत तो चौपट ‘उतरलेला’ दिसतो. मग पी-मूल्य झकास येतं, आणि पाठोपाठ त्याचं जैविक स्पष्टीकरणही सुचतं!

रीत अशी : आरएनए किती निघाला हे नॅनोड्रॉपवर बघत बसू नका, २०० मायक्रोलिटर प्लाझ्मातून निघणारा आरएनए त्या यंत्राच्या आवाक्याखाली असतो. प्रत्येक नमुन्याचं आकारमान सारखं ठेवा. गोलकृमीचा कृत्रिम मिर-३९ सारख्या मात्रेत घाला. किटमध्ये साधारणपणे मायक्रोलिटरला १६ कोटी प्रतींचं द्रावण करून ३.५ मायक्रोलिटर घालायला सांगतात. तो लायसिस द्रावण (प्रथिनं मोडणारं) मिसळल्यानंतरच घालायचा. आधी घातला तर प्लाझ्मातली आरएनए तोडणारी विकरं त्याचा काही सेकंदांत फडशा पाडतात. मिर-३९ मुळे काढणीतला फरक कळतो, जैविक फरक कळत नाही. त्यासाठी आपल्याच नमुन्यांत स्थिर दिसणाऱ्या दोन-तीन मायक्रोआरएनएची सरासरी घ्यावी, आणि ते स्थिर आहेत हे आधी दाखवावं.

फुफ्फुसातला धुवणाचा द्रव चांगला, की रक्त?

प्रश्न वायुकोशाचा असेल तर द्रव (फुफ्फुसात सलाइन सोडून परत ओढलेला). पण ऑक्सिजन कमी असलेल्या रुग्णात ब्रॉन्कोस्कोपी करून सलाइन सोडणं जोखमीचं असतं, म्हणून सर्वात गंभीर रुग्णांचे नमुने नेमके मिळत नाहीत. शिवाय द्रव किती पातळ झाला हे प्रत्येकात वेगळं. युरियाच्या साहाय्यानं दुरुस्ती करतात, तीही अंदाजे. आणि द्रवात कफ असेल तर आधी हलकं फिरवून पेशी काढा आणि त्यांची विभागणी मोजून ठेवा. न्यूट्रोफिल किती टक्के होते, हा आकडा नसलेल्या अभ्यासात मिर-२२३ बद्दल काहीही म्हणता येत नाही.

उंदरात एलपीएसनं इजा करताना कुठे चुकतं?

प्राणी-प्रयोगांच्या समितीची मंजुरी हातात आल्यावरचं बोलू या.

मात्रा बहुधा किलोला १ ते ५ मिलिग्रॅम, श्वासनलिकेतून. २५ ग्रॅमच्या उंदराला किलोला २ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं द्रावण करून ५० मायक्रोलिटर. एलपीएस प्लास्टिकला चिकटतो, म्हणून द्यायच्या आधी दरवेळी जोरात हलवून घ्या, नाहीतर शेवटच्या उंदरांना कमी मिळतो. नाकातून थेंब टाकले तर काही भाग पोटात जातो आणि गटात मोठी तफावत येते. एलपीएस कुठल्या जिवाणूचा, कुठल्या सिरोटाइपचा आणि कुठल्या बॅचचा, हे लिहा. बॅच बदलली की मात्रा पुन्हा ठरवा. सी३एच/एचईजे जातीच्या उंदरात टीएलआर-४ सदोष असतो. चुकून ते आले तर काहीच होणार नाही.

न्यूट्रोफिल २४ ते ४८ तासांत शिगेला पोचतात. मिर-१५५ आणि मिर-१४६ए यांची चढण पाहायची तर एकच वेळ पुरत नाही. ६, २४, ७२ तास तरी हवेत.

फुफ्फुस एकच असतं आणि मोजायचं चार प्रकारे असतं, याचा हिशेब आधी करा. धुवण काढलेलं फुफ्फुस ओलं-सुकं वजनाला (साचलेलं पाणी मोजायला) चालत नाही, कारण आपणच त्यात पाणी घातलेलं असतं. डावं फुफ्फुस बांधून उजवं धुवा, किंवा उंदरांचे गट वेगळे ठेवा. धुवताना साधारण ०.८ मिलिलिटर तीनदा. पहिल्या धुवणाचा पेशीविरहित द्रव प्रथिनं आणि मायक्रोआरएनएसाठी वेगळा, पेशी तिन्हींच्या एकत्र. ऊतीचे काप करायचं फुफ्फुस २० ते २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाखाली फुगवून फॉर्मालिनमध्ये टाका. मिटलेल्या फुफ्फुसाचा काप इजा झाल्यासारखाच दिसतो, आणि मग गुण देणारा फसतो.

इजा झाली हे सांगायला अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११च्या अहवालात चार खांब दिले आहेत : ऊतीतले बदल, भिंतीची गळती, दाह, आणि फुफ्फुसाच्या कामातला बिघाड. टीएनएफ-अल्फा या दाहाच्या प्रथिनाच्या नुसत्या वाढीवर ‘इजा’ म्हणू नका.

आणि अख्खं फुफ्फुस वाटण्यापेक्षा, परवडत असेल तर, पेशी त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून वेगळ्या करा : सीडी४५ वर पांढऱ्या पेशी, सीडी३१ वर रक्तवाहिनीचं अस्तर, एपकॅमवर वायुकोशाचं अस्तर. खर्च वाढतो, उंदीरही जास्त लागतात, पण उत्तर कुठल्या पेशीतलं ते कळतं.

‘अमुक जनुक हे लक्ष्य आहे’ हे सिद्ध करायला ल्युसिफरेज पुरेसं आहे का?

नाही. ल्युसिफरेज (चमकणाऱ्या प्रथिनाची चाचणी) एवढंच सांगतं की हे दोन तुकडे जुळू शकतात. त्यातही सीडची तीन-चार अक्षरं बदललेला नमुना शेजारी हवा, आणि त्यात परिणाम नाहीसा व्हायला हवा.

पुढची पायरी पेशीतलं मूळ प्रथिन. मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) ५० नॅनोमोलर घातला की पेशीत त्या मायक्रोआरएनएच्या इतक्या प्रती होतात की निसर्गात कधी नसतात. मग तो कशालाही दाबतो. म्हणून ५ ते १० पासून चढत जा, आणि उलटी चाचणी कराच : अवरोधक (मायक्रोआरएनएला अडवणारा रेणू) घातल्यावर तेच प्रथिन वाढलं पाहिजे. दोन्हीकडून उत्तर आलं तर विश्वास ठेवावा. शेवटी ते लक्ष्य-जनुक स्वतःच दाबून तोच परिणाम येतो का ते पाहा. आर्गोनॉटला धरून त्याच्यासोबत कुठले संदेश येतात हे पाहणारा प्रयोग जमला तर सोन्याहून पिवळं.

मॅक्रोफेजवर काम असेल तर एक जास्तीचा खड्डा : ट्रान्सफेक्शनचं (पेशीत आरएनए शिरवण्याचं) द्रव्य आणि दुपेडी आरएनए यांनीच मॅक्रोफेज भडकतो आणि इंटरफेरॉन सोडतो. नुसतं द्रव्य, नियंत्रण-मिमिक आणि काहीच न घातलेल्या पेशी असे तिन्ही गट ठेवा. ए५४९ पेशी सोयीच्या आहेत, पण त्या कर्करोगाच्या आहेत आणि घट्ट सांधे चांगले बांधत नाहीत. गळतीचा प्रयोग त्यांच्यावर करून फारसं काही हाती लागत नाही.

मिर-१२४६ बद्दल भरपूर लेख आहेत. त्यावर काम करावं का?

विचार करून. त्याच्या नावाने मोजले जाणारे बरेचसे रेणू यू-२ या छोट्या केंद्रकीय आरएनएचे तुकडे आहेत. मिरबेस या मायक्रोआरएनएच्या नोंदसंग्रहाच्या २२व्या आवृत्तीत माणसाची १,९१७ पूर्वरूपं नोंदलेली आहेत. त्यातली पुष्कळ कसोटीला उतरत नाहीत. निवड करण्याआधी मिरजीनडीबीत (काटेकोर तपासलेल्या नोंदींच्या संग्रहात) नाव आहे का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, दोन वर्षं वाचू शकतात.

मायक्रोआरएनएवर आधारित औषध कधी येणार?

आजवर कुठल्याही आजारासाठी मायक्रोआरएनए-मिमिक किंवा अवरोधक बाजारात मंजूर होऊन आलेला नाही. मिर-१२२ अडवणारं मिराविरसेन हेपटायटिस-सी वर चाललं (२०१३), पण त्या आजाराला गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं. मिर-३४ए चं मिमिक, एमआरएक्स-३४, कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ साली थांबवावं लागलं. दाहानं आधीच पेटलेल्या फुफ्फुसात असंच काही द्यायचं तर ही आठवण ठेवलेली बरी.

फुफ्फुसाची स्वतःची अडचण वेगळी आहे. शिरेतून दिलेले नॅनोकण बहुतेक यकृतात जातात. नेब्युलायझरमधून द्यावं तर औषध जाईल हवा जाते तिथे, आणि इजा झालेल्या वायुकोशांत पाणी भरलेलं असल्यामुळे हवा जातच नाही. म्हणजे औषध चांगल्या भागाला, गरज वाईट भागाला. काही औषध व्हेंटिलेटरच्या नळ्यांनाच चिकटून राहतं. शिवाय उंदरांच्या बहुतेक प्रयोगांत औषध एलपीएसच्या आधी किंवा सोबत देतात; माणूस आयसीयूत येतो तेव्हा दाह केव्हाच माजलेला असतो.

स्टेम सेलच्या एक्सोसोमचं इंजेक्शन मिळतं म्हणतात. घ्यावं का?

एआरडीएससाठी मंजूर झालेला असा कुठलाही उपचार नाही. एक्सोसोम म्हणजे ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुटिका. त्यांतून मायक्रोआरएनए पोचतो आणि उंदरांत फायदा दिसतो, इथवर खरं आहे. खुद्द स्टेम सेलची ६० रुग्णांवरची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली : किलोला एक कोटी पेशी दिल्या, त्या सुरक्षित ठरल्या, पण २८ दिवसांच्या मृत्यूंत फायदा दिसला नाही. पैसे घेऊन कोणी चाचणीबाहेर देऊ करत असेल तर नाही म्हणा.

मग आज रुग्णाला कशाचा उपयोग होतो?

मूळ कारणाचा उपचार आणि व्हेंटिलेटर नीट चालवणं. २००० सालच्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत श्वासाचं आकारमान किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हे किलो प्रत्यक्ष वजनाचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले ७.६, म्हणजे साधारण ५२.४ किलो, श्वास ३१५ मिलिलिटरच्या आसपास. बाई ८० किलोच्या असल्या तरी तेवढाच, कारण वजन वाढलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही. गुणोत्तर १५० च्या खाली गेल्यास दिवसाला १६ तास पालथं झोपवणं. २०१३च्या फ्रेंच-स्पॅनिश चाचणीत त्यानं २८ दिवसांचे मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. पाणी बेतानं. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्यांना डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम.

डेंगी, लेप्टो, स्क्रब टायफसमधल्या एआरडीएसला हीच माहिती लागू पडते का?

तशीच्या तशी नाही. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास जिवाणूंचा सेप्सिस आणि न्यूमोनिया यांवरचे आहेत. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या आयसीयूत येणारा रुग्ण वेगळा असतो : लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव, मलेरियात लाल पेशींची फूट, डेंगीत प्लेटलेट वीस हजारांपर्यंत घसरलेल्या. या प्रत्येकाचा मायक्रोआरएनएच्या मोजणीवर थेट परिणाम होतो. डेंगीच्या रुग्णात मिर-२२३ आणि मिर-१२६ कमी दिसले, तर फुफ्फुसाचा विचार करण्याआधी त्या दिवशीचा प्लेटलेटचा आकडा पाहा. तुलनेचा गटही तसाच हवा : एआरडीएस झालेला डेंगी विरुद्ध न झालेला डेंगी, प्लेटलेट जवळपास सारख्या. रक्तदात्यांशी केलेली तुलना इथे काही सांगत नाही.

प्रत्येक नमुन्यासोबत किमान काय नोंदवावं?

रक्त घेतल्याची आणि फिरवल्याची वेळ, शिरेतून की लाइनमधून, हेपारिनची शेवटची मात्रा, त्या दिवशीचे पांढऱ्या पेशी-न्यूट्रोफिल-प्लेटलेट, रक्त किंवा प्लेटलेट चढवल्या असल्यास केव्हा, स्टेरॉइड चालू आहे का, व्हेंटिलेटरवरचा कितवा दिवस, त्या वेळचं ऑक्सिजन गुणोत्तर, ४१४ वरचं शोषण. रात्रीच्या पाळीत हे भरणाऱ्या रेसिडेंटला एका पानाचा छापील फॉर्म आणि सोबत बांधलेलं पेन द्या. संगणकातला फॉर्म सकाळपर्यंत रिकामाच राहतो.